पाणी फोडणारा पातळ थर

उन्हाच्या जोरावर पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या थराचं घराणं शोधत गेलं, की १८३९ सालचं पॅरिस लागतं. एडमंड बेकेरेल तेव्हा १९ वर्षांचा होता. वडिलांच्या प्रयोगशाळेत त्याने प्लॅटिनमच्या पट्टीवर चांदीच्या क्षाराचा लेप दिला, ती आम्लात बुडवली, प्रकाशात धरली आणि वीज वाहताना पाहिली. लेप, द्रव आणि प्रकाश तिथेच एकत्र आले होते. पाणी फुटायला मात्र सव्वाशेहून जास्त वर्षं जावी लागली.

१९६७ साली टोकियो विद्यापीठात केनइची होंडा यांच्या हाताखाली अकिरा फुजिशिमा हा विद्यार्थी काम करत होता. त्याने टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक पाण्यात ठेवला, तारेने प्लॅटिनमला जोडला आणि त्यावर झेनॉनच्या दिव्याचा झोत सोडला. स्फटिकावर ऑक्सिजनचे बुडबुडे धरले, प्लॅटिनमवर हायड्रोजनचे. दिवा बंद केला की बुडबुडे थांबत. झिंक ऑक्साइडसारखे अर्धवाहक अशा वेळी स्वतःच विरघळून जातात. इथे स्फटिकाचा पृष्ठभाग होता तसाच राहिला, म्हणजे ऑक्सिजन पाण्यातूनच येत होता. या शोधाचं मर्म मला बुडबुड्यांपेक्षा त्या न झिजलेल्या पृष्ठभागात दिसतं. १९७२ मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध आला आणि पुढच्याच वर्षी तेलाचे भाव भडकले. मग सगळं जग टोकियोकडे पाहू लागलं.

स्फटिक महाग आणि इवलासा. म्हणून फुजिशिमांनी टायटॅनियमचा पत्राच तापवला. त्यावर ऑक्साइडचा थर आपोआप चढला. हा थर उन्हात ठेवल्यावर चौरस मीटरमागे दिवसाला साधारण ७ लिटर हायड्रोजन मिळाला. आकडा लहान असण्याचं कारण साधं आहे: हा पदार्थ फक्त अतिनील किरण शोषतो आणि उन्हात ते जेमतेम ४-५ टक्के असतात.

दृश्य प्रकाश पिणारा, स्वस्त आणि पाण्यात टिकणारा पदार्थ कोणता, या शोधात १९७६ च्या सुमारास टेक्सासमध्ये हार्डी आणि बार्ड लोखंडाच्या ऑक्साइडपाशी, म्हणजे हेमटाइटपाशी आले. गंजाच्या जातीचाच हा तांबूस पदार्थ. सगळं जुळलं, एक गोष्ट सोडून. प्रकाश पडल्यावर इलेक्ट्रॉन उठतो आणि मागे रिकामी जागा, ‘होल’, उरते. पाण्यातून ऑक्सिजन सोडवते ती हीच. पण हेमटाइटमध्ये ती २ ते ४ नॅनोमीटर सरकते न सरकते तोच नाहीशी होते. उलट प्रकाश पुरता शोषायला शंभराहून जास्त नॅनोमीटर जाडी हवी. जाड थर केला तर होल पाण्यापर्यंत पोचत नाही, पातळ केला तर प्रकाश आरपार निघून जातो. थर पातळ करतात तो माल वाचवायला, असं अनेकांना वाटतं. हेमटाइटमध्ये तरी पातळपणा हा जिवंत राहण्याचा प्रश्न आहे.

लोझानमध्ये मिखाएल ग्रेट्सेल यांच्या गटाने २००६ साली यावर देखणा तोडगा काढला. थरात थोडं सिलिकॉन मिसळून तो फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुलवला. प्रकाशाला खोली मिळाली आणि प्रत्येक कणापासून पाणी हाकेच्या अंतरावर आलं.

असे थर चढवायला दरवेळी निर्वात यंत्रं लागतातच असं नाही. तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारून किंवा काच द्रावणात बुडवून ठेवूनही ते जमतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या संशोधकांनी या रासायनिक पद्धतींवर मोठं काम केलं आहे. मोजक्या साधनांत उभी राहिलेली ही परंपरा मला फार मोलाची वाटते.

१९९८ साली अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये खासेलेव्ह आणि टर्नर यांनी गॅलियमच्या संयुगांचे दोन थर एकावर एक रचून १२.४ टक्के कार्यक्षमता गाठली. पण ते संयुग महाग, आणि पाण्यात झिजणारं. हेमटाइट टिकतो, पण त्यातल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा हायड्रोजन सोडवायला कमी पडते. म्हणून आता त्याच्या मागे सिलिकॉनचा किंवा पेरोव्स्काइटचा सौरघट बसवतात. हेमटाइटमधून पार झालेला तांबडा प्रकाश तो घट पकडतो आणि कमी पडलेला व्होल्टेज पुरवतो.