सात वॅटचा आवाज आणि कामरेजची वीज

सुरतेचे नाव काढले की महाराष्ट्रातील माणसाला १६६४ साल आठवते. पिढ्यान्‌पिढ्या इकडेच नांदलेल्या आपल्या घरांना मात्र त्या स्वारीपेक्षा गायकवाडी कचेऱ्यांचा इतिहास अधिक जवळचा आहे. सुरत शहर इंग्रजी अमलात, पण कामरेज हा बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातील तालुका. येथील वहिवाटदार कचेरीत लेखणी चालविण्यासाठी आलेल्या घराण्यांपैकी आमचे एक. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी गुजरात राज्य स्थापन झाले. घराचा उंबरठा न बदलता आमच्या तीन पिढ्यांनी तीन सरकारांची चाकरी केली. प्रस्तुत लेखकही त्याच वाटेने निवृत्त झाला.

आज लिहावयाचे आहे ते मात्र कचेरीच्या दप्तराविषयी नव्हे. हाताच्या पंजाएवढ्या एका सर्किट बोर्डाविषयी आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला तेव्हा माझे चुलते, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू, ते सुरतेत अडाजणला मुलाकडे राहत होते. तळमजला पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर फावड्याने गाळ उपसताना लाकडी पेटीत त्यांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर सापडला. घरातील मंडळी तो भंगारात टाकणार होती. मी तो मागून घेतला आणि निवृत्त होईपर्यंत कपाटात ठेवून दिला.

सभेत आवाज मोठा करण्याचे तंत्र या तापीकाठाला तसे लवकर परिचित झाले. १९३० च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरविण्याचे काम मुंबईची ‘शिकागो रेडिओ’ ही मोटवाने कुटुंबाची कंपनी करीत असे. १९३८ च्या फेब्रुवारीत सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली जे अधिवेशन भरले ते शेजारच्या बारडोली तालुक्यातील हरिपुरा येथे, तापीच्याच काठी. बडोदे संस्थानाचे तर स्वतःचे नभोवाणी केंद्र होते. १९४८ मध्ये ते आकाशवाणीकडे गेले. पण हे सारे सरकारचे आणि पुढाऱ्यांचे. गृहस्थाच्या घरी जो रेडिओ असे, तो वीज नसलेल्या गावात बॅटरीवर चाले. त्यातील व्हॉल्व्हच्या तारा तापविण्यास दीड व्होल्टची एक बॅटरी आणि पुढच्या कामासाठी नव्वद व्होल्टची दुसरी. ती नव्वदची उतरली की रेडिओ मुका.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अ‍ॅम्प्लिफायर आवाज मोठा करतो असे आपण म्हणतो, ते खरे नव्हे. तो नळाच्या तोटीसारखा आहे. मायक्रोफोनमधून आलेला दुबळा संकेत तोटी फिरवितो, आणि स्पीकरकडे जे पाणी धावते ते विजेच्या पुरवठ्याचे असते. पुरवठा क्षीण तर आवाज क्षीण, पुरवठा गढूळ तर आवाजही गढूळ. म्हणून एखाद्या गावच्या अ‍ॅम्प्लिफायरचा इतिहास लिहू गेल्यास तो निम्म्याहून अधिक त्या गावच्या विजेचाच इतिहास होतो.

अण्णांचा बोर्ड १९८० च्या सुमाराचा. त्यावरील मुख्य वस्तू म्हणजे ‘टीबीए ८१०’ ही आयसी. इटलीच्या एसजीएस कंपनीची ही रचना मोटारीतील रेडिओसाठी फार वापरली गेली. सोळा व्होल्ट पुरवठा आणि चार ओहमचा स्पीकर दिला तर ती सात वॅट देते, १४.४ व्होल्टवर सहा. हा १४.४ आकडा विचित्र वाटतो, परंतु चालत्या मोटारीत चार्ज होत असलेल्या बॅटरीचा तोच दाब असतो. वीस व्होल्ट ही मात्र तिची कमाल मर्यादा. दिल्लीहून १९६९ पासून निघणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ने आपल्याकडे छंदिष्टांची एक पिढीच घडविली, अण्णा त्यांतलेच. सुटे भाग ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणीत. तांब्याचा पत्रा असलेल्या फळीवर काकूच्या नेलपॉलिशने रेघा ओढावयाच्या आणि ती फेरिक क्लोराइडच्या द्रावात बुडवावयाची; रेघांखालचे तांबे राहते, बाकीचे विरघळते. त्या द्रावाचे तपकिरी डाग आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर शेवटपर्यंत होते. त्यावरून झालेली घरगुती भांडणे येथे सांगत नाही.

हा बोर्ड आमच्या चार-पाच मराठी घरांच्या गणपतीत आरतीसाठी वापरला जाई. १९८६ च्या गणेशोत्सवात मी रजेवर घरी आलो होतो. संध्याकाळी आवाज अगदी बसलेला. कारण उघड होते. दिवेलागणीस उसाच्या शेतांवरील पंप चालू असत आणि २३० व्होल्टच्या जागी घरात जेमतेम १८० येत. अण्णांचा ट्रान्सफॉर्मर १२-०-१२ चा होता. मी, पदवीधर आणि सत्तावीस वर्षांचा, सुरतेहून १५-०-१५ चा आणून जोडला. १८० व्होल्टवर तो सुमारे पावणेबारा व्होल्ट देत होता. डायोडमधून जाऊन कंडेन्सरवर त्याचे सोळा होतात. आयसीला हवे तेवढेच! आरती दणक्यात सुरू झाली आणि मला कौतुकही मिळाले.

तेवढ्यात पंप बंद झाले. दिवे एकाएकी लख्ख झाले, सर्वांना आनंद वाटला. वीज २४५ वर गेली, माझा ट्रान्सफॉर्मर सोळा देऊ लागला, कंडेन्सरवर बावीसच्या आसपास पोचले. कर्ण्यातून एक फटकारा आला, जळका वास सुटला आणि आरती पुढे नुसत्या टाळ्यांवर झाली. अण्णा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “पंप बंद झाल्यावर मीटर लावून पाहिलं होतंस का रे?” मी म्हणालो, “नाही, अण्णा.” नवी आयसी त्यांनी पुढच्याच आठवड्यात बसविली. मी तोवर नोकरीच्या गावी परतलो होतो.

उकाई धरणावरील जलविद्युत केंद्राची क्षमता तीनशे मेगावॉट. ते १९७० च्या दशकात उभे राहिले, आणि तेही आमच्याच नदीवर. तरी सायंकाळी कामरेजच्या घरात १८० व्होल्ट! गावठाणाची वीज शेतीच्या वाहिनीपासून वेगळी करणारी ज्योतिग्राम योजना २००३ ते २००६ या काळात गुजरातभर राबविली गेली, तेव्हा कोठे हा खेळ संपला. ज्या वर्षी ती पूर्ण झाली त्याच वर्षी उकाईतून सोडलेल्या पाण्याने अण्णांची पेटी बुडाली.

निवृत्तीनंतर मी बोर्ड बाहेर काढला. साध्या पाण्याने व मऊ ब्रशाने गाळ धुतला आणि चार दिवस उन्हात ठेवला. आयसी प्लास्टिकमध्ये बंद असल्याने निर्धोक निघाली. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मात्र सगळे बदलले; ते पुरात नसते सापडले तरी वीस-तीस वर्षांत आतून सुकतातच. स्पीकरच्या मार्गातील कंडेन्सर अण्णांनी ४७० मायक्रोफॅरडचा ठेवला होता. चार ओहमच्या स्पीकरला त्यामुळे ८५ हर्ट्‌झच्या खालचे खर्जाचे सूर पडतात. मी तेथे १००० चा घातला आणि स्पीकर आठ ओहमचा घेतला. आता ही सीमा वीस हर्ट्‌झवर आली. आयसीच्या दोन्ही पंखांना अ‍ॅल्युमिनियमची पट्टी जोडली. डीजेच्या भिंती उभारणाऱ्या आजच्या मंडळांना हे सारे हास्यास्पद वाटेल. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाला २००५ मध्ये निकाल द्यावा लागला, तो आमच्या सात वॅटमुळे खचित नव्हे.

ट्रान्सफॉर्मर मात्र वाचला नाही. वेटोळ्यांत गाळ शिरला होता. लॅपटॉपचा अडॅप्टर हाताशी होता, पण तो एकोणीस व्होल्टचा, मर्यादेच्या अगदी कडेवर. तो लावण्याचा मोह या वेळी टाळला. टीव्हीच्या जुन्या सेट-टॉप बॉक्सचा बारा व्होल्टचा अडॅप्टर घेतला. घरातील दाब १८० असो वा २४५, तो बाराच देतो. आठ ओहमवर त्यातून दोन वॅटही निघत नाहीत. खोलीपुरते ते पुष्कळ होतात.

तो मेलेला ट्रान्सफॉर्मर टाकण्यापूर्वी पुसून पाहिला, तेव्हा पत्र्यावर लाल नेलपॉलिशची काही अक्षरे दिसली. मोडी होती. अण्णा वडिलांकडून मोडी शिकले होते. मला ती अडखळत वाचता येते. तिथे लिहिले होते: ‘१५ लावू नये’. खाली साल, १९८६. ट्रान्सफॉर्मर टाकला नाही. बोर्डाच्या शेजारी त्याच पेटीत ठेवला आहे.