खानदेशातील महसुली पाहणी आणि नियमांच्या एकरूपतेचा प्रश्न (इ. स. 1852)

एकाच वेळी निरनिराळ्या तालुक्यांत काम करणाऱ्या अनेक पथकांकडून एकच नियम कसा पाळून घ्यावा, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या महसूल खात्यापुढे उभा राहिला. त्याचे सर्वांत तीव्र रूप खानदेशात दिसून आले.

1818 मध्ये खानदेश इंग्रजी अमलाखाली आला, तेव्हा जमिनीच्या मोजमापात व आकारणीत गावोगाव भिन्नता होती. त्यानंतर पुणे प्रांतात प्रिंगल यांनी केलेली पाहणी फसली. तिची मोजणी व उत्पन्नाचे अंदाज दोन्ही सदोष ठरले. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835 पासून इंदापूर तालुक्यात नव्याने काम आरंभिले. त्या अनुभवातून 1847 चा ‘संयुक्त अहवाल’ सिद्ध झाला. त्यावर या दोघांसह डेव्हिडसन यांची स्वाक्षरी आहे. हा अहवाल म्हणजे सर्व पथकांसाठी घालून दिलेली कार्यपद्धतीच होय.

तिच्यातील मोजणीचा भाग सोपा होता. साखळी 33 फुटांची. एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा आणि 40 गुंठ्यांचा एक एकर. चुकलेली मोजणी दुसऱ्या माणसाने त्याच साखळीने पुन्हा करून पाहता येई. खरी कसोटी प्रतबंदीची होती. मातीचे तीन प्रकार, खोलीनुसार 16 आण्यांपासून 2 आण्यांपर्यंत नऊ प्रती, आणि चुनखड, वाळू, उतार, पाण्याचा लोट यांसारख्या प्रत्येक दोषागणिक एक प्रत कमी, असा तक्ता ठरला. शेताचे भाग पाडून प्रत्येक भागाची नोंद ठरावीक खुणांनी करावयाची, आणि वरिष्ठाने काही शेतांची प्रत स्वतः पुन्हा ठरवून तपासायची. प्रतबंदी करणाऱ्याची मर्जी बांधून टाकण्याचा हा प्रयत्न निःसंशय कल्पक होता. तथापि माती कोणत्या प्रकारची हे शेवटी डोळ्यांनी व हातानेच ठरत असे, आणि गावगटाचा कमाल दर बाजार, हवामान व पूर्वीचा वसूल पाहून पाहणी अधिकारीच सुचवीत असे. म्हणजे एकरूपता तक्त्यात होती. दर ठरविण्याच्या टप्प्यावर मात्र विवेकाला मोठी मोकळीक होती. हा भेद नेहमी लक्षात घेतला जात नाही.

1852 मध्ये ही पद्धती खानदेशात येताच एरंडोल, सावदा, फैजपूर या भागांत असंतोष उसळला. सावद्यास जमावाने पाहणी अधिकाऱ्यांच्या तंबूंना वेढा घातला व काम थांबविण्याची मागणी केली. अखेर धुळ्याहून सैन्य आणून धरपकड करण्यात आली. पकडलेल्यांत देशमुख व पाटील होते. वतनदारांची चिथावणी असा ठपका ठेवून शासनाने प्रकरण मिटविले. तो सर्वस्वी खोटा म्हणता येत नाही, कारण पूर्वी आकारणीतील सूट व तडजोड वतनदारांच्या हाती असे आणि छापील तक्त्याने नेमकी तीच काढून घेतली. पण केवळ चिथावणीने एवढे शेतकरी गोळा होत नाहीत. ज्या नियमाने सारा ठरणार, तो नियम त्यांना कोणी समजावून दिला नव्हता. साखळी व कागद घेऊन शेतात शिरणारा परका माणूस म्हणजे वाढीव सारा, एवढाच अर्थ त्यांना लागला. पथकांना शिस्त लावणाऱ्या अहवालात रयतेचे स्थान मोजल्या जाणाऱ्याचेच राहिले.

काम मात्र थांबले नाही. तापीकाठच्या खोल काळ्या जमिनींना आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या बरड शेतांना एकाच आणेवारीच्या मापात बसविण्यात आले. आकारणी 30 वर्षांसाठी कायम राहील आणि शेतकऱ्याने स्वखर्चाने केलेल्या सुधारणेवर या मुदतीत जादा सारा बसणार नाही, हे आश्वासन पद्धतीतच होते. रयतेच्या दृष्टीने तक्त्यापेक्षा त्याचे मोल अधिक होते. 1865 च्या कायद्याने पाहणीला वैधानिक आधार मिळाला, 1879 च्या जमीन महसूल संहितेत तिच्या तरतुदी सामावल्या गेल्या. 1906 मध्ये पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले, ते आजचे जळगाव आणि (1998 मध्ये वेगळे झालेल्या नंदुरबारसह) धुळे. आता सातबाऱ्यावर हेक्टर-आर छापले जाते, पण शेतीचा सौदा ठरताना माणसे एकर-गुंठ्यांतच बोलतात.