भंगाराचे भाग्य

'जुने ते सोने' ही म्हण ज्याने केली, त्याने आयुष्यात कधी जुनी मोटार विकली नसावी. जुनी मोटार विकायला काढलेल्या माणसाचा चेहरा चार ठिकाणांहून नकार आलेल्या वधुपित्यासारखा होतो. गिऱ्हाईक येते, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालते, टायरला बुटाच्या टोकाने ढोसते, बॉनेट उघडून आत बघत एक सुस्कारा टाकते आणि बैलबाजारातल्या दलालाच्या थंडपणाने विचारते, "काय, भंगारातच काढायची ना?" पत्रा किलोवर, बॅटरी नगावर आणि आठवणी फुकट, असा आपल्याकडचा रोकडा व्यवहार आहे.

तेव्हा ५ मे २०२२ रोजी जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरी जे घडले, ते आपल्या माणसाने आधी खुर्चीवर नीट बसून मगच ऐकावे. तिथल्या मर्सिडीज-बेंझच्या संग्रहालयात मोजक्या निमंत्रितांपुढे एक जुनी मोटार लिलावाला निघाली. वय वर्षे सदुसष्ट. बसायच्या जागा दोन. दारे अशी, की पक्ष्याने पंख उचलावेत तशी वर उघडायची. ती गेली साडेतेरा कोटी युरोंना. म्हणजे त्या दिवसाच्या भावाने हजार कोटी रुपयांच्याही वर! ही बातमी मी घरात मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा स्वयंपाकघरातून एकच प्रश्न आला, "ॲव्हरेज काय देते?"

प्रश्न चुकीचा म्हणता येणार नाही. पण या गाड्यांच्या दुनियेत तो विचारायचा नसतो. तिथे गाडी किती धावते यापेक्षा ती कधी, कुठे आणि कोणाच्या हाताखाली धावली, याला पैसे पडतात.

लिलाव म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो गणपतीच्या मांडवातल्या नारळाचा. सगळे ओरडत असतात आणि शेवटी नारळ चिटणिसांच्या मेहुण्याकडे जातो. दर ऑगस्टात कॅलिफोर्नियातल्या माँटेरीला मोटारींच्या लिलावांची जत्रा भरते, तिथला थाट निराळा. प्रत्येकाजवळ नंबराची पाटी. ती वर गेली की बोली लागली. मालकाने आपला किमान भाव आधीच सांगून ठेवलेला असतो, पण तो गुप्त. त्याच्या खाली हातोडा पडत नाही. आणि हातोडा पडला की लिलाववाल्यांची दक्षिणा वर वेगळी, तीही खरेदीदाराच्याच माथी!

पण खरी गंमत असते कॅटलॉगात. ते वाचताना मला एखाद्या खानदानी वधू-वर सूचक मंडळाच्या वहीत डोकावल्यासारखे वाटते. चासी नंबर म्हणजे गोत्र. इंजिनावरचा नंबर कारखान्याच्या मूळ नोंदीशी जुळला की पत्रिका जुळली. त्याला ते लोक 'मॅचिंग नंबर्स' म्हणतात. मग घराणे, आजवरचे मालक, मिळवलेली बक्षिसे. अपघातसुद्धा लपवत नाहीत. कोणा नामांकित माणसाने गाडी आपटली असेल, तर ते उलट भूषणच!

या जमातीतले सर्वांत कुलीन घराणे म्हणजे फेरारीची '२५० जीटीओ'. यातले २५० म्हणजे एका सिलिंडरचे माप, घन सेंटिमीटरमध्ये. असे बारा सिलिंडर, म्हणजे एकूण तीन लिटरचे इंजिन. शेवटचा 'ओ' म्हणजे इटालियनमध्ये 'ओमोलोगातो', अर्थात 'नियमानुसार मंजूर'. विनोदाची सुरुवात इथूनच होते. नियम असा होता, की या गटातल्या शर्यतीत गाडी उतरवायची तर तसल्या शंभर गाड्या बनवल्या पाहिजेत. फेरारीने १९६२ ते १९६४ या काळात तीन लिटरच्या बनवल्या छत्तीस. मग मंजुरी मिळाली कशी? कंपनीचे म्हणणे असे पडले, की ही नवी गाडी नव्हेच! आमच्या जुन्या २५० जीटीची ही सुधारलेली आवृत्ती, आणि त्या जुन्या गाड्या तर आम्ही ढिगाने बनवल्या आहेत. आपल्याकडे जुन्या चाळीच्या दुरुस्तीचा परवाना काढून त्याच जागी सात मजले उठवतात, ती कला इटलीतही होती तर! ते म्हणणे मान्य झाले आणि या दुरुस्त चाळीने आपल्या गटाचे जगज्जेतेपद ओळीने तीन वर्षे मारले.

तेव्हा तिची किंमत अमेरिकेत अठरा हजार डॉलरच्या आसपास होती. डॉलर पावणेपाच रुपयांना मिळायचा, म्हणजे पंच्याऐंशी हजार रुपये. पण नुसते पैसे घेऊन भागत नसे. गाडी कोणाच्या पदरात घालायची, हे एन्झो फेरारी स्वतः ठरवत. मुलगा कमावता आहे एवढ्यावर ते गृहस्थ मुलगी देणारे नव्हते.

आणि मग व्हायचे तेच झाले. शर्यतीच्या गाडीचे तारुण्य हापूसच्या मोसमाइतके. मागे इंजिन असलेल्या नव्या गाड्या आल्या आणि जीटीओ म्हातारी ठरली. त्यांतली एक अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात होती. मालकाने ती एका शाळेला देऊन टाकली. मुलांना मोटारदुरुस्ती शिकवायला! ज्या इंजिनासमोर आज तज्ज्ञ श्वास रोखून उभे राहतात, त्यावर दहावी-अकरावीतल्या पोरांनी पाने चालवायला शिकून घेतले. १९७२ साली शाळेने ती साडेसहा हजार डॉलरला विकली. नव्या मालकाने ओहायो राज्यात नेऊन ती ट्रेलरसकट उघड्या शेतात ठेवली. तिथे ती ऊन, पाऊस आणि बर्फ खात दहा-पंधरा वर्षे उभी होती.

पुढे वारे फिरले. तिची एक बहीण २०१८ च्या ऑगस्टात माँटेरीला चार कोटी चौऱ्याऐंशी लाख डॉलरला गेली. त्याच भावकीतली, पण मूळची चार लिटर इंजिनाची दुसरी एक १३ नोव्हेंबर २०२३ रोजी न्यूयॉर्कला पाच कोटी सतरा लाखांना गेली. टेक्सासच्या त्या शाळेतल्या मास्तरांपैकी कोणी हे आकडे वाचले असतील, तर त्यांच्या मनाची स्थिती फक्त पेशवाई गेल्यावरच्या पुणेकरालाच कळेल.

या शेवटच्या तारखेशी आपलेही एक दूरचे नाते आहे. १९६९ साली फियाट कंपनीने फेरारीचा निम्मा हिस्सा घेतला. म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटवरून घडलेली आपली पद्मिनी आणि ती न्यूयॉर्कची राजकन्या, लांबून का होईना, सोयऱ्याच लागतात. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरल्या. त्यानंतर अवघ्या पंधरा दिवसांत न्यूयॉर्कला हातोडा पडला. एक सोयरी तिजोरीत गेली, दुसरी भंगारात. जिने आयुष्यभर बोरीबंदर ते दादर माणसे, गाठोडी आणि बाळंतिणी वाहिल्या, तिच्या नशिबी पत्र्याचा भाव आला.

पण समजा, गाडी वाचली आणि जपली. तरी तीच ती, हे कोणी सांगावे? या प्रश्नावर लंडनच्या कोर्टात चक्क खटला झाला. 'ओल्ड नंबर वन' नावाची एक बेंटली होती. फ्रान्समधल्या 'ला माँ'ची चोवीस तासांची शर्यत तिने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोनदा जिंकली. मग तिला मोठे इंजिन बसवले. १९३२ साली ब्रुकलंड्सच्या चक्रीमार्गावरून ती उडाली आणि तिचा चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला. मग पुन्हा दुरुस्ती, पुन्हा नवा साज. पुढे ही गाडी एक कोटी पौंडांना घ्यायची एका कंपनीने कबूल केली आणि मग हात आखडला. म्हणे, ही ती गाडीच नव्हे! १९९० साली न्यायमूर्तींनी भाग मोजले. १९२९ च्या गाडीतले जवळजवळ काहीच उरले नव्हते. १९३० च्या गाडीतले उरले होते ते गिअरबॉक्सचे कवच, स्टिअरिंगची दांडी आणि पेडलचा आस.

आमच्या घराण्यात एक छत्री आहे. तिचे कापड तीनदा, काड्या दोनदा आणि दांडा एकदा बदलला, तरी पावसाळा आला की सगळे म्हणतात, "आजोबांची छत्री काढा." न्यायमूर्तींनी नेमका हाच न्याय लावला. गाडी बदलत गेली हे खरे, पण तिची परंपरा कुठे तुटली नाही आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडीही नाही. तेव्हा हीच ती, पैसे मोजा! इंग्रजांचा न्याय मला एवढा घरगुती कधी वाटला नव्हता.

आता पुन्हा त्या हजार कोटींच्या मर्सिडीजकडे येऊ. तिचे नाव '३०० एसएलआर'. तिच्या उघड्या टपाच्या बहिणीने १ मे १९५५ रोजी इटलीची 'मिले मिल्या' जिंकली. ब्रेशियाहून रोम आणि परत, सुमारे सोळाशे किलोमीटर, तेही साध्या रहदारीच्या रस्त्यांवरून. सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी निघाली म्हणून गाडीवर नंबर ७२२. चालवायला स्टर्लिंग मॉस. शेजारी डेनिस जेन्किन्सन नावाचा दाढीवाला पत्रकार. त्याच्या हातात वळणावळणाची टिपणे लिहिलेली फूटच्या फूट लांब कागदाची गुंडाळी. आवाजात बोलणे ऐकू यायचे नाही, म्हणून सगळा कारभार हातवाऱ्यांवर. दहा तास, सात मिनिटे, अठ्ठेचाळीस सेकंद. सरासरी वेग ताशी एकशे सत्तावन्न किलोमीटर. शेजारी बसून रस्ता सांगणाऱ्याचे म्हणणे मोटार हाकणाऱ्याने दहा तास मुकाट्याने ऐकल्याचे मोटारीच्या इतिहासातले हे एकमेव उदाहरण असावे.

त्यानंतर सहाच आठवड्यांनी, ११ जूनला, ला माँच्या शर्यतीत तशाच एका एसएलआरची पुढच्या गाडीला धडक बसली आणि ती उडून प्रेक्षकांत फुटली. चालक पिएर लेवेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक गेले. शर्यत मात्र चालूच राहिली. मर्सिडीजने रात्रीच आपल्या उरलेल्या गाड्या मागे घेतल्या आणि त्या वर्षाअखेर शर्यतींनाच रामराम ठोकला, तो कित्येक वर्षांसाठी.

पुढच्या शर्यतींसाठी बनवलेल्या टपाच्या दोन गाड्या तशाच राहिल्या. एकही शर्यत नशिबी नाही. तेव्हा कंपनीच्या चाचणी विभागाचे प्रमुख रुडोल्फ ऊलेनहाउट यांनी त्यांतली एक कामावर जाण्या-येण्यासाठी वापरायला घेतली! ताशी दोनशे नव्वद किलोमीटरच्या आसपास पळणारी गाडी. तिचा आवाज एवढा, की बाहेरून सुटकेसएवढा सायलेन्सर जोडावा लागला. आपल्याकडे साहेबाला कंपनीची गाडी मिळाली की हाताखालचे लोक जळतात. तिथे शेजाऱ्यांची झोप उडत असेल. या ऊलेनहाउटसाहेबांची स्वतःची अशी गाडी कधी नव्हतीच म्हणतात. मला ते पटते. आचारी पंगत उठल्याशिवाय जेवायला बसत नाही.

त्याच दोन गाड्यांपैकी एक २०२२ साली विकली गेली. दुसरी कंपनीने संग्रहालयात ठेवली. जगातली सर्वांत महाग मोटार म्हणजे कधीच शर्यत न पळालेली शर्यतीची मोटार, आणि ती पळाली नाही याचे मोठे कारण ला माँला गेलेली ती माणसे. कॅटलॉगात गाडीचा इतिहास लिहिलेला असतो. त्या संध्याकाळी नुसती शर्यत बघायला म्हणून गेलेल्यांची नावे त्यात नसतात. हजार कोटींत त्यांचाही वाटा आहे, पण त्याची पावती कोणी फाडत नाही.

एक मात्र बरे झाले. त्या पैशांतून कंपनीने तरुणांसाठी शिष्यवृत्त्यांचा निधी उभारला. विषय? पर्यावरण, आणि हवेतला कार्बन कमी कसा करावा! जन्मभर चिलीम ओढलेल्या आजोबांनी मरताना चांदीची चिलीम विकून नातवाला दम्याच्या डॉक्टरीला घालावे, तसाच हा प्रकार. आजोबांना हसावे की त्यांच्या पाया पडावे, हे कळत नाही. नातवाने मात्र फी वेळेवर भरून मुकाट्याने शिकावे.