आपल्या इमारतीचा हिशेब : कोयनेपासून आजपर्यंत

सोसायटीला 25 वर्षे झाली. या स्मरणिकेत बहुतेक जण माणसांविषयी लिहितील, मी इमारतीविषयी लिहितो. ज्या कॉलम-बीमच्या भरवशावर आपण निर्धास्त झोपतो, त्यांचा हिशेब कसा मांडतात हे सभासदांना ठाऊक असावे. मी इंजिनिअर नाही. आयुष्य बँकेत गेले, म्हणून थोडी बँकेची भाषा येईल.

सातारा-सांगलीकडची जुनी घरे दगडमातीची, लाकडी तुळयांची. आरसीसी सगळीकडे रुळले ते स्वातंत्र्यानंतर. त्याचा भारतीय कोड, आयएस 456, पहिल्यांदा 1953 साली निघाला. तेव्हाची पद्धत 'वर्किंग स्ट्रेस'ची. रोजच्या वापरातले वजन धरायचे आणि लोखंड-काँक्रीटवर ठरावीक मर्यादेपलीकडे ताण येऊ द्यायचा नाही. सोनेतारणासारखेच की! शंभराच्या दागिन्यावर साठच द्यायचे, मग काळजी नाही.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे ही निश्चिंती गेली. दख्खनचे पठार स्थिर आहे, असा तोवर समज होता. त्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले, सुमारे 180 माणसे गेली. धरणालाही तडे गेले. धरणाच्या डिझाइनमध्ये भूकंपाचा आडवा जोर वजनाच्या फक्त पाच टक्के धरला होता. प्रत्यक्षात तिथल्या यंत्राने नोंदवलेला हादरा त्याच्या कितीतरी पट होता. गणित चुकले नव्हते, गृहीत धरलेला आकडा तोकडा होता. पुढे धरण मागून आधार देऊन बळकट केले आणि 1970 साली देशाचा भूकंप-नकाशाच नव्याने आखला गेला.

रशियात 1950 च्या दशकात आणि ब्रिटनमध्ये 1972 साली आलेली 'लिमिट स्टेट' पद्धत आपल्या कोडमध्ये 1978 साली आली. तिचा प्रश्न वेगळा आहे : इमारत निकामी केव्हा होईल? म्हणून वजन दीडपट धरायचे, काँक्रीटची ताकद दीडाने आणि लोखंडाची 1.15 ने भागायची. ज्याचा भरवसा कमी, त्याला मार्जिन जास्त. शिवाय स्लॅब किती लवेल, तडा किती रुंद चालेल, हेही तपासायचे.

नव्या पद्धतीत लोखंड वाचवतात, असे काही जण म्हणतात. 415 प्रतीची सळई घ्या. जुन्या पद्धतीत तिच्यावर 230 पर्यंत ताण चाले. नव्या पद्धतीत 415 ला 1.15 ने भागले की 361, आणि वजन दीडपट धरलेले असल्याने रोजच्या हिशेबात ते 240 च्या आसपास येते. म्हणजे फरक सळईच्या काटकसरीत फारसा नाही, जोखीम वेगवेगळी मोजण्यात आहे. जुनी पद्धत टाकाऊ होती असेही नाही. तडा चालत नाही म्हणून पाण्याच्या टाक्यांच्या कोडमध्ये 2009 पर्यंत तीच होती. इमारतींसाठी मात्र 2000 च्या कोडने तिला परिशिष्टात बसवले.

पण पद्धत कोणतीही असो, कागद इमारत वाचवत नाही. किल्लारीचा भूकंप झाला त्याच 1993 साली कॉलमच्या रिंगा जवळजवळ बांधाव्यात, त्यांची टोके आत वळवावीत, असा वेगळा कोड आला. तरीही 2001 च्या भूज भूकंपात अहमदाबादेत खाली मोकळे पार्किंग असलेल्या अनेक इमारती कोसळल्या. आपल्याकडेही खाली पार्किंगच आहे. त्यात कृष्णेचा पूर. 2019 साली सांगलीत काय झाले ते आपण पाहिले. ओल कव्हरमधून सळईपर्यंत पोचली की गंज धरतो, आणि कागदावरची 16 मिलिमीटरची सळई जाग्यावर तेवढी राहत नाही.

म्हणून कमिटीला आणि सभासदांना तीन विनंत्या. आपल्या इमारतीचे आरसीसी नकाशे व डिझाइनचे कागद आर्किटेक्टकडून मिळवून सोसायटीच्या कपाटात ठेवावेत. उपविधीप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी करायचे असते. त्याचा ठराव येत्या वार्षिक सभेत व्हावा आणि वर्गणी देताना कुणी हात आखडू नये. आणि फ्लॅटचे नूतनीकरण करताना कॉलम-बीमला छिन्नी लावण्याआधी इंजिनिअरला विचारावे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आपल्या नातवंडांनी याच इमारतीत बसून वाचावी, एवढीच इच्छा.