कैसरची सत्ता आणि राइखस्टाग : पुराव्याचा विचार

४ डिसेंबर १९१३ रोजी जर्मन साम्राज्याच्या राइखस्टागमध्ये चॅन्सेलर बेथमान-होलवेग यांच्या धोरणाविरुद्ध २९३ मते पडली. बाजूने अवघी ५४. असा कौल मिळाल्यावर इंग्लंडच्या प्रधानमंत्र्याने राजीनामा तरी दिला असता, नाही तर नव्या निवडणुका तरी मागितल्या असत्या. बर्लिनमध्ये मात्र चॅन्सेलर जुलै १९१७ पर्यंत अधिकारावर राहिले. एवढी एकच घटना सांगून, जर्मनीत जबाबदार राज्यपद्धती नव्हतीच, असा निर्णय आपण अध्यापक मंडळी वर्गात देतो. हा निर्णय खोटा नाही, पण अपुरा आहे, असे आम्हांस वाटते.

पहिली साक्ष १८७१ च्या घटनेची. चॅन्सेलरची नेमणूक कैसरने करावी, असे १५ वे कलम सांगते. १७ व्या कलमाने कैसरच्या आज्ञांवर चॅन्सेलरची प्रतिस्वाक्षरी आवश्यक करून त्याच्यावर जबाबदारी टाकली. परंतु ती कोणापाशी, हे सांगितले नाही. उलट २० व्या कलमाने राइखस्टागची निवडणूक सार्वत्रिक, प्रत्यक्ष व गुप्त मतदानाने व्हावी असे ठरविले आणि २५ वर्षांवरील पुरुषांस मताचा हक्क मिळाला. कायद्यास व अंदाजपत्रकास या सभेची संमती लागे. राजसत्ता व लोकमत एकाच कागदात शेजारी बसविली गेली होती.

दुसरी साक्ष आकड्यांची. १८७१ मध्ये सुमारे निम्म्या मतदारांनी मत दिले. १९१२ मध्ये शेकडा सुमारे ८५ जणांनी. निव्वळ शोभेच्या सभेसाठी लोक एवढ्या संख्येने घराबाहेर पडत नाहीत. मात्र आकड्यांचीही उलटतपासणी हवी. त्याच निवडणुकीत सोशल डेमोक्रॅटिक पक्षास शेकडा ३४.८ मते पडली, पण ३९७ पैकी ११० जागा, म्हणजे शेकडा सुमारे २८, मिळाल्या. शहरे वाढली तरी मतदारसंघांच्या जुन्या सीमा बदलल्या नव्हत्या, हे त्याचे एक मोठे कारण होते.

तिसरी साक्ष खुद्द त्या ठरावाची. आल्सेसमधील त्साबर्न गावी एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने स्थानिक लोकांविषयी अपशब्द काढले. पुढे सैनिकांनी मुलकी अधिकार गुंडाळून ठेवून नागरिकांना अटक केली. सभेच्या कामकाजाच्या नियमांत १९१२ मध्ये झालेल्या बदलामुळे या प्रकरणी नापसंतीचे मत नोंदविता आले. पण पुढे काय? सोशल डेमोक्रॅट वगळता अन्य मोठे पक्ष अंदाजपत्रक अडवून धरण्यास सिद्ध झाले नाहीत. चॅन्सेलर का टिकले, याचे अर्धे उत्तर घटनेत आहे, तर अर्धे सभासदांच्या बाकांवर.

इतिहासकारांतही हा भेद दिसतो. हान्स-उलरिश वेलर यांनी १९७३ च्या ग्रंथात साम्राज्याच्या हुकूमशाही घडणीवर भर दिला. मार्गारेट लाव्हिनिया अँडरसन यांनी २००० मध्ये मतदानाच्या सवयीतून लोकशाही कशी रुजत होती ते दाखविले. पुरावा दोघांपाशीही होता; प्रश्न निराळे होते.

२८ ऑक्टोबर १९१८ रोजी घटना बदलून चॅन्सेलरला राइखस्टागचा विश्वास आवश्यक ठरविण्यात आला. ९ नोव्हेंबरला राजेशाहीच कोसळली. जबाबदार राज्यपद्धतीस राजछत्राखाली मिळाले ते जेमतेम बारा दिवस. त्यापूर्वीच्या सत्तेचाळीस वर्षांना केवळ या शेवटावरून जोखणे न्यायाचे नव्हे. विद्यार्थ्यांपुढे निष्कर्षाआधी या तिन्ही साक्षी ठेवाव्यात आणि त्यांतील विसंगती त्यांनाच शोधू द्यावी. इतिहासाचे शिक्षण तेथूनच सुरू होते.