श्रेयनामावलीतला कवी

संगीत नाटकात नांदी झाली की सूत्रधार पुढे येई आणि नटीशी बोलता बोलता आज कोणाचे कोणते नाटक होणार ते सांगून टाकी. रंगमंचावरून उच्चारले जाई ते नाव नाटककाराचे. नटांची नावे हस्तपत्रकावर. बोलपटात सूत्रधाराचे हे काम श्रेयनामावलीकडे आले, पण मानाचा क्रम फिरला. पुढे रुळलेल्या रिवाजात आधी नटनट्या, मग तंत्रज्ञ आणि अगदी शेवटी, एकट्याची पाटी, ती दिग्दर्शकाची. गीतकार मध्ये कुठेतरी एका ओळीपुरता.

ती ओळ तरी कोण वाचत होते? आमच्या वाशिमकडे जत्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू लागे. तिकीट काढून, पोरे सावरून माणसे खाली टेकेपर्यंत नावे संपलेली असत. नावे चालू असणे म्हणजे सिनेमा अजून सुरू न होणे, असाच सार्वत्रिक समज होता.

याचा सर्वांत मोठा फटका, माझ्या मते, शांताराम आठवले यांना बसला. ‘प्रभात’चा दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला, मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यात तुकोबांच्या मूळ अभंगांच्या जोडीला आठवल्यांनी लिहिलेली, बीज आणि वृक्षाच्या दृष्टान्ताची एक रचना आहे. चाल केशवराव भोळे यांची, मुखी विष्णुपंत पागनीस. ती इतकी अस्सल उतरली की असंख्य लोकांनी ती गाथेतलीच मानली, भजनी मंडळांनी आपलीशी केली. कवीला याहून मोठी पावती कोणती, असे म्हणतात. मला ते पटत नाही. पावतीवर नाव दुसऱ्याचे आहे.

नाव आपणहून झाकणारेही होते. भालजी पेंढारकरांच्या ‘मराठा तितुका मेळवावा’ची नामावली पाहावी: संगीत ‘आनंदघन’ म्हणजे लता मंगेशकर, आणि गीतांमध्ये शांताबाई शेळक्यांच्या बरोबरीने ‘योगेश’ म्हणजे खुद्द भालजी. ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कार जाहीर झाला तेव्हा आनंदघन जागेवरून उठेनात, शेवटी निवेदकानेच ते गुपित फोडले. हा मुखवटा लताबाईंनी स्वतः निवडला होता. १९४९ च्या ‘महल’मधल्या त्यांच्या गाजलेल्या गाण्याची तबकडी निघाली, तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून छापले होते ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाच्या पात्राचे नाव. टोपणनाव आणि पुसलेले नाव पडद्यावर सारखेच दिसते. फरक कळतो तो इतिहास माहीत असेल तरच.

आमच्या वऱ्हाडाचे उदाहरण १९८१ चे. ‘अरे संसार संसार’ या चित्रपटासाठी अकोल्याच्या विठ्ठल वाघांनी काळ्या मातीचे आणि तिफणीचे गीत लिहिले. तेव्हा वाशिम अकोला जिल्ह्यातच होते, त्यामुळे ते आम्हाला घरचेच. संगीत अनिल-अरुण, स्वर अनुराधा पौडवाल आणि सुरेश वाडकर. आज ते लाऊडस्पीकरवर, मोबाइलवर सुटे फिरते. नामावली मागे चित्रपटातच राहिली. पेरणीच्या दिवसांत ते ऐकणाऱ्यांना मी अधूनमधून विचारतो, कोणाचे हो? बहुतेकांचे उत्तर ठरलेले: ‘कोणाचं म्हंजे? जुनं लोकगीत हाये थे.’

वाघसर याच मातीतले, म्हणून मी लगेच नाव सांगू शकतो. आठवल्यांचे नाव सांगितले की भजनी मंडळातले बुवा अजूनही माझ्याकडे संशयाने पाहतात.