सूक्ष्मप्रक्रियकाचा विद्युत् दाब व तापमान

संगणकातील सूक्ष्मप्रक्रियकाला किती व्होल्ट विद्युत् दाब द्यावयाचा व तो कोणत्या कंप्रतेने चालवावयाचा, हे तो ज्या फलकावर बसविलेला असतो त्या मदरबोर्डावरील मांडणीवरून ठरते. प्रक्रियकात निर्माण होणारी उष्णता मुख्यत्वे या दोन राशींवर अवलंबून असते. ट्रँझिस्टरांच्या उघडमिटीत खर्च होणारी शक्ती कंप्रतेच्या सम प्रमाणात, परंतु दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ५ व्होल्टऐवजी ३.३ व्होल्ट दाब दिल्यास, इतर गोष्टी तशाच असता, ही शक्ती सुमारे ४४ टक्क्यांवर येते. दाब फार कमी झाल्यास ट्रँझिस्टर वेळेत उघडमीट करू शकत नाहीत, गणनात चुका होतात व यंत्र अडून बसते. तो फार वाढल्यास तापमान चढते, ट्रँझिस्टरांतील अतिपातळ निरोधक थर दुबळे होतात आणि सूक्ष्म तारांतील धातूचे अणू प्रवाहाबरोबर सरकू लागतात. ही झीज भरून येत नाही. म्हणून हा दाब कोणी ठरवावा, या प्रश्नाला महत्त्व आहे.

१९८० च्या दशकात हा प्रश्न फारसा उद्‌भवला नाही. वैयक्तिक संगणकाचे प्रक्रियक व त्यांच्याभोवतीची इतर एकात्मीकृत मंडले बहुधा एकाच ५ व्होल्ट दाबावर चालत. १९८९ मध्ये इंटेल कंपनीने आणलेल्या ८०४८६ या प्रक्रियकात सुमारे १२ लाख ट्रँझिस्टर होते. तरी त्याच्या आरंभीच्या नमुन्यांना पुष्कळदा पंखाही लागत नसे. मार्च १९९३ मधील पेंटियममुळे हे चित्र पालटले. या प्रक्रियकाच्या विकसनाचे नेतृत्व विनोद धाम यांच्याकडे होते. त्यांचा जन्म १९५० मध्ये पुण्यात झाला. दिल्ली येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यावर ते अमेरिकेत गेले व १९७९ मध्ये इंटेलमध्ये दाखल झाले. पेंटियममध्ये ३१ लाख ट्रँझिस्टर होते. ६६ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचा नमुना ५ व्होल्टवर चालताना सुमारे १६ वॉटपर्यंत शक्ती घेई. आजच्या मानाने हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून एवढी उष्णता बाहेर काढण्याची सवय तेव्हाच्या संगणकांना नव्हती. धातूच्या पात्यांचा उष्णताशोषक व त्यावर पंखा ही जोडी येथून रूढ झाली. पुढील वर्षीच्या ९० व १०० मेगॅहर्ट्‌झ पेंटियममध्ये ट्रँझिस्टर लहान करण्यात आले व दाब ३.३ व्होल्टवर आणला गेला. कंप्रता वाढूनही शक्तिव्यय सुमारे १० वॉटपर्यंत उतरला.

मात्र दाब उतरताच निवडीचा भार जुळणी करणाऱ्याच्या हाती आला. जानेवारी १९९७ च्या पेंटियम एमएमएक्समध्ये गाभ्याला २.८ व्होल्ट व बाहेरील जोडण्यांना ३.३ व्होल्ट, असे दोन वेगळे दाब लागत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एएमडी कंपनीचा के-६ आला. धाम १९९५ मध्ये इंटेल सोडून नेक्सजेन कंपनीत गेले होते आणि ती कंपनी एएमडीत विलीन झाल्यावर के-६ बाजारात आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. के-६ च्या १६६ व २०० मेगॅहर्ट्‌झ नमुन्यांना २.९ व्होल्ट, तर २३३ मेगॅहर्ट्‌झच्या नमुन्याला ३.२ व्होल्ट लागत. हे सर्व प्रक्रियक एकाच आकाराच्या खोबणीत बसत. फरक असे तो मदरबोर्डावरील जंपरांचा, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या चिमुकल्या टोप्यांचा. २०० मेगॅहर्ट्‌झच्या के-६ ला चुकून ३.२ व्होल्ट दिल्यास उघडमिटीची शक्ती सुमारे २२ टक्क्यांनी वाढे, आणि संगणक मात्र वरकरणी नीट चाले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जुळविणाऱ्या कारागिराला मदरबोर्डाच्या पुस्तिकेतील तक्ता व प्रक्रियकावर छापलेला दाब यांवरच विसंबावे लागे. त्या काळी कमी कंप्रतेच्या प्रक्रियकावरील छाप पुसून वरच्या कंप्रतेचा छाप मारण्याचे प्रकारही जगभर चालत. तेव्हा तो आधारही नेहमी भरवशाचा नसे.

यावरील उपाय इंटेलने १९९५ च्या पेंटियम प्रोमध्येच योजला होता. त्याच्या काही पिना केवळ आपल्याला हवा असलेला दाब मदरबोर्डाला सांकेतिक रूपात कळविण्यासाठी राखलेल्या होत्या. ही पद्धत पुढे सार्वत्रिक झाली व दाबाचे जंपर नाहीसे झाले. मात्र बायॉस या अंगभूत आज्ञावलीतून तो दाब बदलण्याची मुभा अनेक मदरबोर्डांनी ठेवली. घोषित कंप्रतेपेक्षा अधिक वेग मिळविण्यासाठी हौशी लोक तिचा वापर करू लागले. २००० मधील पेंटियम ४ मध्ये तापमान मर्यादेपलीकडे गेल्यास प्रक्रियक स्वतःच आपले काम मंदावू शके.

ट्रँझिस्टर व दाब सारख्याच प्रमाणात कमी केल्यास दर क्षेत्रामागील शक्ती स्थिर राहते, असे रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखविले होते. २००५ च्या सुमारास गळती प्रवाहांमुळे दाब आणखी उतरविणे अवघड झाले व हा दिलासा संपला. २००४ मध्ये पेंटियम ४ चे काही नमुने १०० वॉटच्या पुढे गेले होते. कंप्रतेची शर्यत थांबून एका प्रक्रियकात अनेक गाभे बसविण्याकडे कल झाला, त्याचे एक प्रमुख कारण हेच.

पंख्याने प्रक्रियक खोलीतील हवेपेक्षा थंड करता येत नाही. तिच्याहून तो किती अधिक तापेल एवढेच पंखा ठरवितो. जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीसारख्या गावी उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४० अंश से. च्या वर जाते. २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत ६० अंशांवर राहणारा प्रक्रियक तेथे तेवढ्याच कामाला ७५ अंशांच्या पुढे जातो. पात्यांत धूळ साठली की आणखी भर पडते. अशा ठिकाणी दाब थोडा उतरविणे हा मोठा पंखा बसविण्याइतकाच उपयुक्त उपाय होय. मोठ्या यंत्रणांना हवा पुरत नाही. पुण्यातील आयसर संस्थेत बसविलेल्या परम ब्रह्म या महासंगणकात प्रक्रियकांची उष्णता वाहून नेण्यासाठी पाणी खेळविले आहे.

दाब आपोआप ठरू लागला तरी प्रश्न पुरता सुटला नाही. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन ७००० एक्स३डी प्रक्रियक जळाल्याचे उघडकीस आले. त्यानंतर बायॉसमध्ये सुधारणा करून त्यांच्या एका अंगाच्या दाबाला १.३ व्होल्टची मर्यादा घालण्यात आली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही प्रक्रियक अस्थिर होऊ लागले. काही मदरबोर्डांची शक्तीविषयक मांडणी इंटेलच्या शिफारशीपलीकडची होतीच. शिवाय प्रक्रियकातील सूक्ष्म आज्ञावलीच गरजेपेक्षा जास्त दाब मागत होती, असे तपासात आढळले. सुधारित आज्ञावलीने पुढील हानी रोखता आली. आधीच झिजलेले प्रक्रियक तिने दुरुस्त होणारे नव्हते. त्यांच्यासाठी इंटेलला हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली.